मोटर चांगली, वायपर बंद: चाळीसगावच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नऊ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, मागचा वायपर नसलेलं मॉडेल, ९२,००० किलोमीटर चाललेली. मालक चाळीसगाव परिसरातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला आहेत. गाडी दिवसभर जिनिंगच्या आवारात निंबाखाली उभी असते आणि दर शनिवारी कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जाते. आवार आणि निंब दोन्ही पुढे आरोपीच्या पिंजऱ्यात येणार आहेत, म्हणून ते आधी सांगितलं.

दिवाळीनंतर जिनिंग जोरात चालतं तेव्हा हवेत कापसाचे तंतू उडत असतात. काचेच्या बुडाशी जी प्लॅस्टिकची जाळी असते, जिला गॅरेजमध्ये काउल म्हणतात, तिच्यातून ते आत जातात. त्यावर निंबाचा पाला, काड्या आणि काळ्या मातीची धूळ. उन्हाळाभर हा ऐवज कोरडा पडून राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या पावसात त्याचा ओला बोळा होतो आणि जाळीखालच्या पन्हळीतून पाणी निघून जायची भोकं तो बुजवतो. वायपरची मोटर आणि लिंकेज, म्हणजे मोटरीचं फिरणं वायपरच्या हातांपर्यंत नेणाऱ्या सळ्यांचा संच, याच पन्हळीत बसवलेली असतात.

काचेवर पाणी उडवणारा वॉशर तर आदल्या दिवाळीपासूनच मुका होता. मालकांचा उपाय पाण्याची बाटली आणि फडकं. घाई असली की धुळीवरच कोरडा वायपर.

तक्रार

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वायपर रेंगाळत फिरला आणि काचेच्या मधोमध थांबला. फ्यूज उडाला होता. रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्याने २० अँपिअरच्या जागी ३० चा फ्यूज घातला आणि गाडी मार्गी लावली. त्यानंतर नवाच खेळ सुरू झाला: वायपर दोन-तीन मिनिटं चालायचा, बंद पडायचा, दहा मिनिटांनी आपोआप परत चालू. मालकांच्या अहिराणीत सांगायचं तर, "पानी उनं का वायपर अडकस." म्हणजे पाऊस आला की वायपर अडकतो.

गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मोटरीला हात लावला. ती चटका बसेल इतकी तापली होती आणि करपल्याचा वास येत होता. त्याने मोटर गेल्याचं सांगितलं, बसवणावळीसकट खर्च ४,२०० रुपये. माल दोन दिवसांनी येणार होता आणि शनिवार तोंडावर होता, म्हणून गाडी दुसऱ्या गॅरेजात आली. पुढचं काम तिथलं.

मोटरीवर संशय का जातो

पहिल्या इलेक्ट्रिशियनचा अंदाज अगदीच वेडगळ नव्हता. लक्षणं सगळी मोटरीवरच दिसत होती. पण मोटर तापते तेव्हा दोन शक्यता असतात: ती आतून बिघडली आहे, किंवा तिला ओढायला दिलेलं ओझं वाढलं आहे. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

वायपरची मोटर १२ व्होल्टची, कायम चुंबकाची. तिच्या फिरण्याचा वेग वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, खूप कमी करतो आणि जोर वाढवतो. बाहेर आलेल्या दांड्यावरची क्रँक सलग गोल फिरते आणि लिंकेजच्या सळ्या त्या गोल फिरण्याचं मागे-पुढे डोलणं करून दोन्ही बाजूंच्या स्पिंडलला देतात. त्या स्पिंडलवर वायपरचे हात बसतात.

मोटरीच्या फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे ब्रश तीन: एक सामाईक, एक हळू वेगाचा, एक जलद वेगाचा. जलद वेगाचा ब्रश थोडा सरकवून बसवलेला असतो. त्यामुळे आर्मेचरचे, म्हणजे फिरत्या गाभ्यावरच्या तारेचे, कमी वेढे कामाला लागतात, मोटर जास्त पळते, पण तेवढ्याच करंटमध्ये जोर कमी मिळतो. या गाडीचा मालक वायपर अडकला की खटका जलदवर नेत होता, म्हणजे जोर हवा तेव्हा जोर कमी करत होता. बहुतेक जण हेच करतात.

अनेक मोटरींत तापमानावर चालणारा आपोआप तुटणारा-जुळणारा संरक्षक असतो. दोन मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद, हा त्याचा ठसा. मोटर खरंच जळली असती तर थंड झाल्यावर इतक्या इमानदारीने परत सुरू झाली नसती. पहिली शंका इथेच यायला हवी होती.

तपासणी

बॅटरीची उणे तार आधी काढली. लिंकेजमध्ये बोटं असताना कुणी खटका दाबला तर बोटं चिरडतात. ब्लेड काचेवर कुठे थांबतात तिथे चिकटपट्टी लावून खूण केली, मग वायपरचे हात उतरवले. उजवा हात सहज निघाला. डाव्याचा अ‍ॅल्युमिनियमचा हात स्टीलच्या दांड्यावर गंजून धरला होता. तिथे हातोडी न चालवता पुलर लावला. हातोडीने स्पिंडलचं टोक फुगतं, नाहीतर तो ज्यात फिरतो ते त्याचं घर तडकतं.

निर्णयाची पहिली जागा इथे आहे. हात काढल्यावर स्पिंडल बोटाने फिरवून पाहायचा मोह होतो. तो फिरत नाही आणि माणूस निष्कर्ष काढतो की मोटर जाम आहे. पण वर्म गिअर उलट्या बाजूने फिरतच नाही. मोटर उत्तम असली तरी क्रँक जोडलेली असताना स्पिंडल हाताने हलणार नाही. म्हणून क्रँकवरचा सळीचा गोळी-सांधा चपट्या पेचकसाने उचकटून वेगळा करायचा, मगच स्पिंडल तपासायचे.

तसं केल्यावर उजवा स्पिंडल दोन बोटांनी फिरला. डावा पकडीशिवाय हलला नाही, आणि हलला तेव्हा करकरला.

मग बॅटरी जोडून, सळ्या सुटलेल्या ठेवून, मोटर एकटी चालवली. करंट १.४ अँपिअर, आवाज एकसारखा, खटका बंद केल्यावर क्रँक प्रत्येक वेळी ठरलेल्या जागी येऊन थांबली. हे थांबणंही तपासण्यासारखं असतं. खटका बंद केला तरी मोटरीतल्या चकतीवरचा पार्क संपर्क तिला हळू वेगाच्या ब्रशमधून वीज देत राहतो आणि ठरलेली जागा आली की वीज तोडतो. बहुतेक गाड्यांत त्याच क्षणी ब्रश अर्थला जोडला जाऊन मोटर स्वतःच ब्रेक लावते. हा संपर्क खराब असेल तर वायपर कुठेही थांबतो किंवा थांबतच नाही.

सळ्या परत जोडून, हात बसवून, ओल्या काचेवर मोजलं: हळू वेगाला ९ अँपिअर आणि मिनिटाला २७ फेऱ्या. फेरी म्हणजे जाणं आणि येणं मिळून एक. चांगल्या अवस्थेत ओल्या काचेवर २ ते ४ अँपिअर आणि चाळीसच्या वर फेऱ्या अपेक्षित. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, मोटरीच्या कनेक्टरवर १३.१. म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेत जात होते, पण तेही जास्त करंटमुळेच. वायरीत वेगळा दोष नव्हता. मोटर दोषमुक्त. डावा स्पिंडल त्याच्या घरात जाम झाला होता.

कारण काउल काढल्यावर समोरच होतं. पन्हळीत मूठभर ओला बोळा: रुई, निंबाचा पाला, चिखल. डाव्या बाजूचं भोक पूर्ण बुजलेलं. स्पिंडलवरची रबरी टोपी नाहीशी, ती कधी पडली कुणालाच माहीत नाही. रुईचा बोळा दिव्यातल्या वातीसारखं पाणी धरून स्पिंडलच्या मुळाशी ठेवत होता. आतलं ग्रीस धुळीने आधीच सुकलेलं, त्यावर पाणी. स्टीलच्या दांड्यावर गंज धरला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या घरात पांढरी भुकटी.

पर्याय

नवी मोटर घ्यायचा पर्याय मोजमापानंतर गळला. ती बसवली असती तर ४,२०० रुपये गेले असते आणि नवी मोटरही तशीच तापली असती.

मालकांनी एक पर्याय सुचवला: डावीकडचा वायपर काढूनच टाका, चालवणारा उजवीकडे बसतो. असं करून फिरणाऱ्या गाड्या दिसतात. घाटात मात्र डावीकडच्या वळणाचा कठडा आणि दरीकडची कड डाव्या काचेतूनच दिसते, आणि समोरून येणारा ट्रक चिखलाचं पाणी मारतो ते पूर्ण काचेवर येतं. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम १०१ वायपरसाठीच आहे. हा पर्याय तिथेच सोडला.

भंगारातून मोटरीसकट पूर्ण संच १,२०० ला मिळत होता. पण जुन्या संचातले स्पिंडल आणि नायलॉनचे बुश तेवढेच वापरलेले असतात. एक दुखणं देऊन दुसरं घेण्यासारखं.

उरले दोन. नवं लिंकेज, १,४५० रुपये, धुळ्याहून दुसऱ्या दिवशी मिळणार. किंवा आहे तोच स्पिंडल गंज सोडवणाऱ्या तेलाने मोकळा करायचा, अर्ध्या तासाचं काम.

पहिली दुरुस्ती आणि सहा दिवस

दिवस शुक्रवार होता. निवडला अर्ध्या तासाचा मार्ग. वरूनच तेल मारलं, स्पिंडल पकडीने मागे-पुढे फिरवला, मोकळा झाला. करंट ३.८ वर आला. पन्हळ साफ केली, फ्यूज परत २० चा घातला, गाडी दिली.

ही चूक होती. गंज सोडवणारं तेल पातळ असतं. ते फटीत शिरतं, गंज सोडवतं आणि जाताना उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतं. मागे कोरडा धातू राहतो. असं तेल सांधा उघडण्यासाठी वापरायचं, वंगण म्हणून नव्हे. टोपीही बसवली नव्हती, त्यामुळे पुढच्या प्रत्येक पावसाचं पाणी थेट सांध्यात.

सहाव्या दिवशी स्पिंडल पुन्हा धरला, आणि पहिल्यापेक्षा घट्ट. यावेळी फ्यूज उडाला नाही; साखळीतला सर्वात कमजोर दुवा तुटला. डाव्या सळीचा नायलॉनचा बुश गोळीवरून निसटला. डावा वायपर काचेवर आडवा पडला, उजवा चालत राहिला. सुटलेली सळी उजव्या सळीत अडकली असती तर दोन्ही बंद पडले असते. मालक घाटाच्या पायथ्यापासूनच मागे फिरले.

दुसरी दुरुस्ती

आता नवं लिंकेज मागवलं. धुळ्याहून दुसऱ्या दिवशी आलं. जुना स्पिंडल उत्सुकतेपोटी पूर्ण काढून पाहिला: सरक्लिप आणि वॉशर काढल्यावर दांडा लाकडी ठोकळ्याने ठोकूनच बाहेर आला, त्यावर खड्डे पडले होते आणि घर एका बाजूने झिजलं होतं. खड्डे नसते तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, पाण्याला टिकणारं लिथियम ग्रीस भरून तो चालला असता. खड्डे पडल्यावर नाही. ते ग्रीस खरवडून काढतात.

नवं लिंकेज बसवताना क्रम महत्त्वाचा. मोटर नुसती जोडून एकदा चालवायची आणि बंद करायची, म्हणजे ती पार्कच्या जागी थांबते. त्या जागेवरच क्रँक, जुन्या क्रँकवर केलेल्या खुणेप्रमाणे. मग वायपरचे हात न लावता पूर्ण संच हळू आणि जलद चालवून पुन्हा बंद. त्यानंतरच चिकटपट्टीच्या खुणेवर ब्लेड ठेवून हात बसवायचे. हात आधी बसवले आणि मोटर भलत्या जागी थांबलेली असली तर पहिल्याच फेरीत ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटतं किंवा दोन्ही हात एकमेकांत गुंततात.

हातांच्या भोकातले दाते वायर-ब्रशने साफ केले. त्यात अ‍ॅल्युमिनियमचा चुरा राहिला तर नट घट्ट वाटतो आणि आठवड्यात हात सरकतो. नट साधारण २० न्यूटन-मीटरला आवळले. दोन्ही स्पिंडलवर नव्या टोप्या.

हातांच्या स्प्रिंगचा दाब ताणकाट्याने पाहिला. ब्लेडच्या लांबीला दर सेंटीमीटरला साधारण १५ ग्रॅम हा ढोबळ हिशोब. २१ इंची ब्लेडला म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास. उजवा ७८० भरला, डावा १८ इंचीला ६९० हवा तिथे ६६०. दोन्ही चालण्यासारखे. ब्लेडचं रबर मात्र उन्हाने कडक होऊन एकाच बाजूला वळलेलं. अशी धार येताना पुसते आणि जाताना थडथडते. दोन्ही ब्लेड बदलले.

३० चा फ्यूज जेवढे दिवस होता तेवढ्यात वायरीचं आवरण वितळलं का, हे फ्यूजपेटीपासून मोटरीपर्यंत पाहिलं. नशिबाने नव्हतं. फ्यूज मोटरीचा नव्हे, वायरीचा राखणदार असतो. वायर २० च्या बेताची आणि फ्यूज ३० चा, तर आधी जळते ती वायर.

पाण्याची बाजू

वॉशरचं दुखणं वेगळं होतं, पण वायपरच्या दुखण्याला त्याचा हातभार होता. कोरड्या धुळीच्या काचेवर ब्लेड घासलं की मोटरीवर ओझं वाढतं आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे येतात. या काचेवर उजवीकडे ते आलेच होते. ते जात नाहीत. रात्री समोरच्या दिव्यात चमकत राहतात.

खटका ओढल्यावर पंपाची गुणगुण ऐकू येत होती, म्हणजे वीज आणि पंप ठीक. बॉनेटखाली नळीचा जोड सुटा करून पाहिलं: नळीतूनच पाणी जेमतेम ठिबकत होतं. म्हणून अडथळा नॉझलच्या, म्हणजे काचेवर धार सोडणाऱ्या तोंडाच्या, आधी. इथे थेट नॉझल टोचायला घेतलं असतं तर वेळ गेला असता.

टाकी उतरवली. पंप टाकीत रबरी बुशने नुसता दाबून बसवलेला असतो, पीळ देत ओढला की निघतो. त्याच्या तोंडाशी असलेली जाळी बुळबुळीत पांढऱ्या चिकट्याने भरलेली. मालकांनी बोअरच्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर घातली होती. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आणि पावडर मिळून पांढरा लगदा होतो, फेस कमी आणि चोथा जास्त. त्यात शेवाळही धरलं होतं. वाटेतला एकेरी व्हॉल्व, जो नळीतलं पाणी टाकीत परत जाऊ देत नाही, तोही अर्धा चिकटलेला.

टाकी, जाळी आणि नळी कोमट पाण्याने तीनदा धुतली. व्हॉल्व ७० रुपयांचा, नवाच घातला. आता नळीतून धार जोरात आली, पण उजवं नॉझल तरी बंदच, भोकात चुनखडी. दोन्ही नॉझल काढून एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून रात्रभर भिजवली, मग विजेच्या लवचीक वायरीतली तांब्याची एकच बारीक तार भोकातून फिरवली. टाचणी किंवा सुई वापरली की भोक मोठं आणि वाकडं होतं, धार कुठेही उडते. नॉझलच्या गोळीचा कोन असा ठेवला की गाडी उभी असताना धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडावी. वेगात वारा तिला खाली दाबतो.

टाकीत बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी भरलं. एसीच्या नळीतून गळणारं पाणीही क्षारमुक्त असतं, गाळून घेतलं की चालतं. साबण हवाच तर वॉशरसाठी मिळणारं द्रावण, पावडर नाही. टाकी रिकामी असताना पंप दाबत राहू नये, ही सूचना मालकांना दोनदा दिली. पंपाला थंडावा आणि वंगण त्या पाण्याचंच असतं.

निकाल

ओल्या काचेवर हळू वेगाला २.६ अँपिअर आणि मिनिटाला ४४ फेऱ्या, जलदला ६३. कनेक्टरवरची घट ०.८ वरून ०.२ व्होल्टवर. तीच मोटर, जिला पहिल्या निदानात निकामी ठरवलं होतं.

एकूण खर्च २,७०० च्या आत: लिंकेज १,४५०, दोन ब्लेड ५२०, व्हॉल्व आणि टोप्या मिळून १६०, मजुरी ५००. पहिल्या शुक्रवारची मजुरी घेतली नाही. दिवाळीच्या सुमारास फेरतपासणीत करंट २.७ भरला आणि दोन्ही स्पिंडल मोकळे होते. पन्हळीत रुई पुन्हा जमायला लागली होती.

कुठे वेगळं करता आलं असतं

रस्त्यावर जादा अँपिअरचा फ्यूज घालण्याऐवजी त्याच आकड्याचा घालून, वायपर अधूनमधून चालवत हळूहळू गाव गाठता आलं असतं. मोठ्या फ्यूजने बिघाड गेला नाही, तो फक्त मोटरीकडे ढकलला गेला, आणि त्यामुळेच पुढच्या माणसाला मोटर तापलेली दिसली. चुकीच्या निदानाचं मूळ त्या फ्यूजमध्ये आहे.

पहिल्या इलेक्ट्रिशियनकडे अँपिअर मोजायचा क्लॅम्प नसला तरी सळी सुटी करून मोटर एकटी चालवणं शक्य होतं. त्याला एक पेचकस आणि पाच मिनिटं लागतात.

सर्वात मोठा प्रश्न शुक्रवारचा. गिऱ्हाइकाला शनिवारी घाटात जायचं आहे म्हणून तात्पुरता इलाज केला, पण घाटात जायचं आहे हेच तो न करण्याचं कारण होतं. तेव्हा म्हणायला हवं होतं, "अण्णा, उद्या एसटीने जा, गाडी रविवारी घ्या." आणि तेलाचाच इलाज करायचा होता तर स्पिंडल किमान खालून उघडून ग्रीस भरायला आणि टोपी घालायला हवी होती, अर्ध्या तासाऐवजी दोन तास लागले असते. टोपी ४५ रुपयांची होती.

मालकांच्या बाजूने पाहिलं तर वॉशर आठ महिने बंद होता, म्हणजे इशारा आठ महिने समोर होता. आता ते जिनिंगच्या हंगामात काचेवर आणि काउलवर गोणपाट टाकून गाडी उभी करतात, आणि मेअखेर जाळीच्या दोन्ही टोकांना तांब्याभर पाणी ओतून ते चाकामागून खाली पडतं का पाहतात. निंबाखालची जागा मात्र सोडलेली नाही. आवारात दुसरी सावलीच नाही.